गेटवरचा इशारा

1910 साली बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला. औंध संस्थान तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं होतं. राजधानीचं गाव साताऱ्याकडे, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथे नांगराचे, पुढे पंपाचे भाग ओतले जाऊ लागले. त्या काळी ओतकामासाठी लोखंड वितळायचं ते कोळशाच्या भट्टीत. भट्टी पेटली की पेटली. तिला क्षणात थांबवायची किंवा क्षणात वाढवायची सोय नव्हती.

आज याच पट्ट्यात, सांगलीपासून कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत, शेकडो टन लोखंड विजेने वितळतं. इंडक्शन फर्नेसच्या पॅनेलचं दार उघडा. तांब्याच्या जाड पट्ट्या, पाण्याच्या नळ्या आणि त्यांच्या मधोमध दोन थंड ठोकळ्यांत घट्ट आवळून बसवलेल्या तळहाताएवढ्या चकत्या दिसतील. एकेका चकतीतून शेकडो अँपिअर करंट जातो. प्रत्येक चकतीपासून दोन बारीक, एकमेकींना पीळ घातलेल्या वायरी निघतात आणि वरच्या कप्प्यातल्या ‘फायरिंग कार्डा’कडे जातात. चकती म्हणजे एससीआर, अर्थात थायरिस्टर. हे प्रकरण मात्र चकतीबद्दल नाही, त्या दोन बारीक वायरींबद्दल आहे.

एससीआर अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 1957 मध्ये तयार झाला आणि पुढच्या वर्षी बाजारात आला. सिलिकॉनचे चार थर, आळीपाळीने पी आणि एन. एका टोकाला अ‍ॅनोड, दुसऱ्याला कॅथोड आणि आतल्या एका थराला जोडलेलं तिसरं टोक म्हणजे गेट. अ‍ॅनोडवर धन व्होल्टेज असलं तरी एससीआर करंट अडवून धरतो. गेटमध्ये थोडासा करंट सोडला की आतले थर एकमेकांना उचलून धरतात आणि सगळा रस्ता मोकळा होतो. एकदा तो मोकळा झाला की गेटचं काम संपलं. पिंपातून रॉकेल काढायला रबरी नळी तोंडाने ओढून सोडतात, तसाच हा प्रकार. एकदा ओढ दिली की धार आपली आपण चालते, नळीच्या तोंडाशी हवा शिरेपर्यंत. एससीआरमधला करंट एका किमान पातळीच्या खाली घसरला की तो बंद होतो. या पातळीला होल्डिंग करंट म्हणतात. सुरुवातीला धार पकडण्यासाठी मात्र त्याहून थोडा जास्त करंट लागतो, तो लॅचिंग करंट. दुकानात सहज मिळणारा बीटी 151 घ्या. 12 अँपिअर पेलणाऱ्या या एससीआरला गेटमध्ये जास्तीत जास्त 15 मिलिअँपिअर पुरतात. त्याचा लॅचिंग करंट जास्तीत जास्त 40 मिलिअँपिअर आहे. हा 40 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच घोळ घालणार आहे.

डिप्लोमाच्या पुस्तकात ‘एससीआर चालू करण्याच्या पाच पद्धती’ ओळीने दिलेल्या असतात: जास्त व्होल्टेज, उष्णता, व्होल्टेज वाढण्याचा वेग, प्रकाश आणि गेट. परीक्षेला ठीक आहे, पण पाचही एका पंक्तीला बसवणं मला पटत नाही. पहिल्या तीन या पद्धती नाहीत, ते अपघात आहेत. एससीआर आपण सांगितल्याशिवाय चालू होण्याचे ते तीन मार्ग आहेत आणि डिझायनरचं अर्धं आयुष्य ते बुजवण्यात जातं.

वळवाच्या दिवसांत खटाव-माणकडे वीज कडाडते, लाइनवर क्षणभर उसळी येते आणि 600 व्होल्टचा एससीआर विनापरवाना उघडतो. असा उघडला तर करंट चकतीच्या एखाद्याच कोपऱ्यातून घुसतो आणि तो कोपरा जळतो. आटपाडीच्या उन्हात पत्र्याच्या शेडमधलं पॅनेल तापलं, पंखा धुळीने गच्च झाला, तर आतला गळतीचा करंट तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो आणि तोच गेटचं काम करू लागतो. तिसरा मार्ग सगळ्यांत फसवा आहे. एससीआरच्या मधल्या जोडाला थोडी कपॅसिटन्स असते. ती समजा 100 पिकोफॅरड आहे आणि व्होल्टेज मायक्रोसेकंदाला 200 व्होल्ट या वेगाने चढलं. गुणाकार केला तर 20 मिलिअँपिअर येतात, म्हणजे बीटी 151 ला गेटमधून लागतील त्याहून जास्त. व्होल्टेज मर्यादेत असूनही केवळ ते फार वेगाने आलं म्हणून एससीआर फसतो. म्हणूनच प्रत्येक एससीआरला समांतर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर बसवलेला दिसतो. त्याला स्नबर म्हणतात. तो खराब झाला तरी मशीन बरेच दिवस चालत राहतं, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

आता गेट. गेटला इशारा द्यायचा म्हणजे नेमकं काय? आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. एक अर्धी लाट 10 मिलिसेकंदांची, तिचे 180 अंश. लाटेच्या सुरुवातीपासून किती अंशांवर एससीआर उघडायचा, यावर पुढे किती वीज जाईल ते ठरतं. या अंशांना फायरिंग अँगल म्हणतात. एक अंश म्हणजे साधारण 55 मायक्रोसेकंद. सगळ्या पद्धतींची तुलना अखेर एकाच प्रश्नावर येते: हवा तो क्षण दर अर्ध्या लाटेला न चुकता पकडता येतो का?

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मेन्सच्याच व्होल्टेजवरून एका रेझिस्टरमधून गेटला करंट द्यायचा. रेझिस्टर वाढवला की पुरेसा करंट मिळायला वेळ लागतो आणि एससीआर उशिरा उघडतो. पण लाट 90 अंशांवर शिखर गाठते. तिथपर्यंत पुरेसा करंट मिळाला नाही, तर नंतर मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण पुढे उतार आहे. त्यामुळे या पद्धतीत फायरिंग अँगल 90 अंशांपुढे नेता येत नाही. दिवा अर्ध्यापर्यंत मंद होतो आणि तिथून एकदम विझतो. प्रयोगशाळेत दाखवायला छान, घरात उपयोग थोडा.

रेझिस्टरच्या जोडीला कपॅसिटर दिला की चित्र पालटतं. कपॅसिटरवरचं व्होल्टेज मेन्सच्या मागून रेंगाळत चढतं, म्हणून शिखर उलटून गेल्यावरही इशारा देता येतो आणि अँगल जवळपास 180 पर्यंत जातो. घरातला गोल फिरणारा, टप्पे नसलेला जुना इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर उघडून बघा. आत एक पोटेन्शिओमीटर, एक कपॅसिटर, काचेच्या मण्याएवढा डायॅक आणि एक ट्रायॅक सापडेल. ट्रायॅक म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा एससीआरचा भाऊबंद. डीबी 3 या डायॅकवर साधारण 32 व्होल्ट जमले की तो फुटतो आणि कपॅसिटरमधला चार्ज एका दमात गेटवर टाकतो. हा ‘एका दमात’ महत्त्वाचा. हळूहळू वाढणाऱ्या करंटपेक्षा टोकदार धक्क्याने एससीआर जास्त चांगला आणि सगळ्या अंगाने उघडतो.

या रेग्युलेटरची एक खोड अनेकांनी पाहिली असेल. डिमर म्हणून वापरताना बटण शून्यातून हळूहळू फिरवलं की दिवा बराच वेळ लागतच नाही आणि मग एकदम अर्धवट उजेडाने पेटतो. पेटल्यावर बटण मागे आणलं तर मात्र तो आणखी मंद होतो. दिवा बंद असताना डायॅक फुटत नाही, त्यामुळे कपॅसिटरवर आधीच्या अर्ध्या लाटेचा उलटा चार्ज शिल्लक असतो आणि तो फेडण्यात वेळ जातो. डायॅक एकदा फुटला की चार्ज बराचसा रिकामा होतो, पुढची लाट जवळजवळ कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि फायरिंग अलीकडे सरकतं.

दुसरी खोड खेड्यात जास्त जाणवते. संध्याकाळी पंप चालू असताना व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं, तर शहरातल्या माणसाला वाटेल की पंखा तेवढ्याच प्रमाणात मंद होईल. तसं होत नाही. डायॅकला 32 व्होल्टच लागतात, आणि मेन्स खाली आल्यावर तिथवर पोचायला कपॅसिटरला जास्त वेळ लागतो. म्हणजे व्होल्टेजही कमी आणि अँगलही उशिराचा, असा दुहेरी मार बसतो. आता टप्प्याटप्प्यांचे कपॅसिटरवाले रेग्युलेटर आले आहेत, त्यांत ट्रायॅक नाही आणि मंद वेगावरची ती गुणगुणही नाही. पंख्यापुरतं बोलायचं तर ते बरे.

मेन्स कितीही डळमळला तरी क्षण चुकू नये यासाठी पुढची पायरी युजेटीची. 2एन2646 हा तीन पायांचा छोटा घटक डिप्लोमाच्या मुलांनी लॅबमध्ये हाताळलेला असतो. यातही कपॅसिटर भरतो, पण तो ठरावीक व्होल्टला फुटत नाही, पुरवठ्याच्या ठरावीक हिश्श्याला फुटतो. पुरवठा वरखाली झाला तरी हिस्सा तोच, म्हणून वेळही जवळपास तीच. पुरवठा मेन्समधूनच घेऊन झीनर डायोडने छाटला की दर अर्ध्या लाटेच्या शेवटी तो शून्यावर येतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. रेझिस्टर-कपॅसिटरच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे.

युजेटीचा पल्स मात्र फार आखूड असतो, आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला 40 चा आकडा इथे आडवा येतो. समजा भार म्हणून अर्ध्या हेन्रीची कॉइल आहे. लाटेच्या शिखरावर, म्हणजे 325 व्होल्टवर, एससीआर उघडला. कॉइलमधला करंट उडी मारत नाही, तो सेकंदाला 650 अँपिअर या वेगाने शून्यापासून चढतो. 40 मिलिअँपिअरला पोचायला त्याला साधारण 61 मायक्रोसेकंद लागतात. आपला पल्स 20 मायक्रोसेकंदांचा असेल, तर पल्स संपतो तेव्हा करंट 13 मिलिअँपिअरवर असतो, धार पकडलेली नसते आणि एससीआर पुन्हा बंद. फायरिंग 150 अंशांवर नेलं तर व्होल्टेज निम्मं, म्हणजे लागणारा वेळ दुप्पट. दिव्यावर उत्तम चालणारं सर्किट मोटरवर लावलं की अडखळतं, ते यामुळे. अशा वेळी मेस्त्री एससीआर बदलतो, मग दुसऱ्या कंपनीचा आणतो. दोष एससीआरचा नसतोच.

उपाय सरळ आहे, पल्स लांब करा. पण तोही फुकट नाही. मोठ्या यंत्रात गेटचं सर्किट आणि मेन्स यांच्यात पल्स ट्रान्सफॉर्मर असतो. कॅथोड शेकडो व्होल्टवर नाचत असतो आणि फायरिंग कार्ड त्यापासून वेगळं ठेवावं लागतं. लांब पल्स दिला की या ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरतो आणि पुढचा पल्स पोचतच नाही. म्हणून एक लांब पल्स न देता आखूड पल्सची माळ सोडतात: पहिला पल्स टोकदार, मागोमाग बारीक पल्सची रांग. फर्नेसच्या पॅनेलमधल्या त्या दोन बारीक वायरींवरही हीच माळ धावते.

लहान कामांना पल्स ट्रान्सफॉर्मरऐवजी ऑप्टोकपलर वापरतात. इथे दुकानातली एक सावधगिरी. एमओसी 3021 आणि एमओसी 3041 दिसायला सारखे, सहा पायांचे. 3021 सांगाल त्या क्षणी उघडतो. 3041 लाट शून्याजवळ असेल तरच उघडतो. हीटर कधी चालू, कधी बंद करून तापमान राखायचं असेल तर 3041 चांगला, रेडिओतली खरखरही कमी होते. पण डिमरमध्ये त्याला घातलं तर फायरिंग अँगल नावाची गोष्टच उरत नाही. दिवा एकतर पूर्ण लागतो, नाहीतर लागत नाही.

आता परत भट्टीकडे वळतो. पद्धतींची खरी परीक्षा इथे होते, कारण एकाच पॅनेलमध्ये दोन अगदी वेगळ्या तऱ्हेचं फायरिंग शेजारीशेजारी चालतं.

पहिला भाग मेन्सच्या तीन फेज घेऊन त्यांचा डीसी करतो. सहा एससीआर, प्रत्येकाचा पल्स आधीच्यापासून 60 अंशांवर. करंट वाहायला यातले दोन एकाच वेळी उघडे हवेत, एक वरचा आणि एक खालचा. म्हणून प्रत्येक एससीआरला एक पल्स देऊन भागत नाही. 60 अंशांनंतर, जोडीदार बदलताना, त्यालाच दुसरा पल्स देतात. दुसरा पल्स गेला तर चालू भट्टी कदाचित चालत राहील, पण थांबल्यावर पुन्हा सुरू होणार नाही. 415 व्होल्टच्या लाइनवर शून्य अंशाला सुमारे 560 व्होल्ट डीसी मिळतो आणि 90 अंशांना शून्य. मधला प्रवास मात्र सरळ रेषेत नाही. अँगल शून्यावरून 10 वर नेला तर व्होल्टेज जेमतेम दीड टक्का उतरतं, 80 वरून 90 वर नेला तर पूर्ण व्होल्टेजच्या 17 टक्के. साध्या कार्डावर नॉबच्या एका टोकाला काहीच घडत नाही आणि दुसऱ्या टोकाला सगळं एकदम घडतं. चांगल्या कार्डात मोजणीचा उतार सरळ न ठेवता कोसाइनच्या वळणाचा ठेवतात, मग नॉब आणि व्होल्टेज हातात हात घालून चालतात. आता हे काम मायक्रोकंट्रोलर आकडेमोडीने करतो.

दुसरा भाग त्या डीसीचा पाचशे ते हजार हर्ट्‌झचा एसी करून भट्टीच्या कॉइलला देतो, आणि इथे मेन्सची लाट मदतीला नसते. मेन्सवर चालणारा एससीआर लाट उलटल्यावर आपोआप बंद होतो. इथे डीसी आहे, आपोआप बंद व्हायला जागाच नाही. कॉइल आणि तिला समांतर कपॅसिटरची बँक मिळून जे झोके घेतात, त्यांच्याच उलट्या व्होल्टेजने एससीआर बंद करायचा. त्यामुळे पुढच्या जोडीला इशारा झोका उलटायच्या थोडा आधी द्यावा लागतो. किती आधी? 1,000 हर्ट्‌झवर 30 अंश म्हणजे सुमारे 83 मायक्रोसेकंद. एससीआरला सावरून पुन्हा अडवायला लागणारा वेळ यात बसला पाहिजे. नाही बसला तर समोरासमोरचे एससीआर एकत्र उघडे राहतात, डीसी शॉर्ट होतो आणि पॅनेल ट्रिप.

शिवाय झोक्याची गती स्थिर नसते. भट्टीत थंड भंगार असताना कॉइलचा इंडक्टन्स एक असतो. साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंडाचं चुंबकपण जातं आणि इंडक्टन्स बदलतो. धातू वितळून तळाशी बसला की आणखी बदलतो. ठरावीक फ्रिक्वेन्सीने पल्स देणारं कार्ड इथे तासाभरात एससीआर खाईल. फायरिंग कार्ड कपॅसिटरच्या व्होल्टेजकडे बघून पुढचा क्षण ठरवतं, भट्टी जसजशी बदलेल तसतसं स्वतःला जुळवून घेतं. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे. रेग्युलेटरमध्ये आपण यंत्राला क्षण सांगतो, इथे यंत्र आपल्याला क्षण सांगतं. नव्या भट्ट्यांत आयजीबीटी आले आहेत, ते गेटनेच बंदही होतात. पण एससीआर फटके जास्त सोसतो आणि फाउंड्रीत फटक्यांना तोटा नसतो.

पल्सची माळ भट्टीबाहेरही लागते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. ज्यांत इंडक्शन जनरेटर असतो, त्यांना ग्रिडला जोडताना एकदम जोडलं तर करंटची मोठी उसळी येते. म्हणून प्रत्येक फेजला दोन एससीआर उलटसुलट लावून अँगल हळूहळू उघडतात, आणि जोडणी झाली की बायपास कॉन्टॅक्टर त्यांना बाजूला काढतो. मोठ्या पंपाच्या सॉफ्ट स्टार्टरमध्येही हेच. काही सेकंदांचं काम, पण भार कॉइलचा, म्हणून तिथेही पल्सची माळच लागते.

प्रकाशाची पद्धत मी मुद्दाम शेवटी ठेवली. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला अधिक-उणे 500 किलोव्होल्टची, 1,500 मेगावॉटची डीसी लाइन येते. दोन्ही टोकांना थायरिस्टरचे मनोरे आहेत, त्यांत एकावर एक कितीतरी थायरिस्टर. प्रत्येकाचं गेट जमिनीपासून वेगळ्याच व्होल्टेजवर. इथे पल्स ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन पुरं पडणं अवघड, म्हणून अशा ठिकाणी इशारा काचेच्या तंतूतून, प्रकाशाने पाठवतात. याचे दोन प्रकार जगात आहेत. एकात प्रकाश फक्त निरोप नेतो आणि गेटला लागणारी ऊर्जा थायरिस्टरच्या शेजारचं छोटं सर्किट त्याच्यावरच्याच व्होल्टेजमधून साठवून देतं. दुसऱ्यात प्रकाश थेट सिलिकॉनवर पडतो आणि तोच थायरिस्टर उघडतो. दुसऱ्यात वरच्या मजल्यांवरचं इलेक्ट्रॉनिक्स कमी होतं, पण प्रकाशाचा स्रोत दमदार लागतो आणि थायरिस्टर खास बनवून घ्यावा लागतो.

मघाशी अपघात म्हटलेली एक पद्धत इथे कामाला येते. मनोऱ्यातला एक थायरिस्टर उघडायला क्षणभर उशीर झाला, तर बाकीच्यांच्या वाट्याचं सगळं व्होल्टेज त्याच्यावर कोसळतं. तो जळू नये म्हणून पहिल्या प्रकारच्या मनोऱ्यांत ठरावीक व्होल्टेजला फुटणारा ब्रेकओव्हर डायोड लावतात. तो फुटला की करंट गेटमध्ये जातो आणि थायरिस्टर नीट, गेटच्या मार्गाने उघडतो. जास्त व्होल्टेजने उघडणं वाईट, पण त्याच जास्त व्होल्टेजला गेटची वाट दाखवली तर ते संरक्षण ठरतं.

मग कोणती पद्धत चांगली? हीटरला शून्यावर उघडणारा ऑप्टो, दिव्याला डायॅक, शिकायला युजेटी, मोटर आणि भट्टीला पल्सची माळ. गेटला सतत डीसी देत राहणं मात्र मी कुठेच सुचवणार नाही. गेट विनाकारण तापतं आणि उलट्या लाटेत गळती वाढते.

आणि पॅनेलवर काम करणाऱ्यांना एक विनंती. एससीआर उडाला की नवा बसवण्याआधी जुन्याच्या गेटवर येणारा पल्स सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, बघा: तो टोकदार आहे का, माळ पूर्ण आहे का, सगळ्या गेटवर सारखा आहे का. मेन पॉवर बंद ठेवून फक्त कंट्रोलचा पुरवठा देऊन हे बघता येतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पॉवर चालू ठेवून बघायचंच असेल, तर डिफरन्शियल प्रोब वापरा. सीआरओच्या प्लगची अर्थिंग काढून मेन्सवर मोजण्याची आपल्याकडे सवय आहे. ती आधी सोडा. सीआरओची धातूची पेटी मेन्सच्या व्होल्टेजवर जाते आणि बाहेरून ते कळत नाही.